मठपती बाई आणि एका शब्दावरची बंदी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की एकोणीसशे शहात्तर साली सोलापुरातल्या एका शाळेत, दहावी ‘क’च्या वर्गात, ‘डिफरंट’ या इंग्रजी शब्दावर बंदी घालण्यात आली होती. फळ्यावर, वहीत, तोंडी, लेखी, मधल्या सुट्टीत भांडतानासुद्धा हा शब्द वापरणाऱ्यावर कारवाई होत असे. वर्तमानपत्रांत ही बातमी आली नाही. त्या वर्षी वर्तमानपत्रांत बऱ्याच बातम्या येत नव्हत्या.

आणीबाणी चालू होती. बंदी घालणं हा त्या दिवसांत मोठ्या माणसांचा उद्योग होता. आमच्या शाळेतली बंदी मात्र घातली होती इंग्रजीच्या कुमारी गिरिजा मठपती यांनी. उंची बेताची, आवाज मैदानाच्या मापाचा. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, रस्त्यावर मराठी आणि वर्गात इंग्रजी. राग आला की मात्र थेट कानडी. ‘सुम्म कूड’ म्हणजे गप बस, एवढं कानडी आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना येत होतं, आणि ते सगळ्यांनी बाईंकडूनच, प्रत्यक्ष प्रयोगातून शिकलेलं होतं.

मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन तिथं भूगोल शिकवायला लागलो होतो. शिक्षक खोलीत माझं टेबल बाईंच्या टेबलाला लागून होतं. त्यामुळं पुढचं सगळं मी पहिल्या रांगेत, फुकट पासावर बसून पाहिलेलं आहे.

बंदीचं कारण साधं होतं. बाईंनी एकदा वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या, तर ज्याच्या त्याच्या वहीत तेच. माय स्कूल इज डिफरंट. माय मदर इज डिफरंट. मँगो इज डिफरंट. बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि मला म्हणाल्या, “हा शब्द आहे का पोस्टातला शिक्का? दिसेल त्यावर उमटवायचा, आणि पुढं ढकलायचं.”

“पण बाई, चूक कुठाय? आई वेगळी असतेच की.”

“कुणाहून? कुठल्या बाजूनं? किती? ते सांगायला नको म्हणून तर हे ‘डिफरंट’ म्हणतात आणि सुटतात. मी सुटू देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी बंदी जाहीर झाली. शिक्षा अशी की, ज्यानं तो शब्द वापरला त्यानं उभं राहायचं आणि आपल्या शेजारचा मुलगा आपल्यासारखा कसा नाही, हे वर्गाचं समाधान होईपर्यंत सांगायचं. पहिल्याच आठवड्यात एकानं उभं राहून सांगितलं, “बाई, ह्यो चिडला की हसतोय. मी चिडलो की चिडतोय.” बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला फळ्यावर तेच वाक्य इंग्रजीत लिहायला लावलं, आणि तो वाक्य पुरं करेपर्यंत शेजारचा चिडून हसत बसला.

एक शब्द काढून घेतला तर त्याच्या जागी दुसरे द्यायला हवेत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी दिले. ऑड म्हणजे जोडीतली एक चप्पल हरवल्यावर जी उरते ती. डायव्हर्स म्हणजे मंगळवार बाजार, सुईपासून बैलाच्या घुंगरापर्यंत. डिस्टिंक्ट म्हणजे गिरणीचा भोंगा, गावात किती का गोंगाट असेना, तुमची आई बरोबर तो ऐकून चुलीपुढून उठते. डिसिमिलर म्हणजे कडक भाकरी आणि मऊ भाकरी. पीठ तेच, पाणी तेच, तवा तोच. दातांना विचारा.

“काँट्रास्टिंग?” वर्ग विचारायचा.

“मुख्याध्यापकांचा शर्ट आणि त्यांच्या मिशा.”

मुख्याध्यापकांचा शर्ट पांढरा असे. मिशांच्या काळेपणाबद्दल शाळेत दोन मतं होती.

इनकाँग्रुअस समजावताना बाई म्हणाल्या, लग्नाच्या पंगतीत उठून कुणी शोकसभेचं भाषण केलं तर ते इनकाँग्रुअस. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आमच्या काकाच्या लग्नात झालतं की. सासऱ्यानंच केलं.” बाईंनी त्याला पुढं बोलावून भाषण ऐकून घेतलं, सगळं. डिस्परेट हा शब्द त्यांनी शेवटी ठेवला होता. ज्या दोन गोष्टी एका तराजूत घालताच येत नाहीत त्या डिस्परेट. “उदाहरणार्थ,” बाई म्हणाल्या, “तुमचा अभ्यास आणि तुमच्या अपेक्षा.”

बाईंचा हा हट्ट फळ्यापुरता नव्हता. त्याच सुमारास सोलापुरात मॅचिंगची साथ आली होती. साडीच्या रंगाचं पोलकं, पोलक्याच्या रंगाच्या बांगड्या, बांगड्यांच्या रंगाची टिकली. नव्या पेठेत फक्त मॅचिंगचं असं एक दुकान निघालं आणि आमच्या शिक्षिका पगार झाला की तिकडं मोर्चानं जाऊ लागल्या. एकदा त्यांनी मठपती बाईंनाही ओढून नेलं. मी पिशव्या धरायला होतो. दुकानदारानं बाईंच्या जांभळ्या साडीवर नजर टाकली आणि शिडीवर चढता चढता म्हणाला, “मॅडम, ह्याच रंगात दाखवू?”

“ह्या रंगाचं आहे की माझ्याकडं. नेसलेय ते.”

“मग?”

“साडीला उलट उत्तर देईल असं द्या. पण उद्धट नको.”

दुकानदार शिडीवरच थांबला. मॅचिंगच्या दुकानात असं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. मग त्यानं एक मोहरीच्या फुलासारखा पिवळा तुकडा काढला. बाईंनी तो पदरावर धरला, लांब केला, पुन्हा धरला. “हं,” म्हणाल्या, “आता दोघांना एकमेकांची किंमत कळेल.” बाकीच्या शिक्षिका त्या दिवशी काहीच न घेता परतल्या. सगळ्यांच्या मनात गोंधळ झाला होता.

आणि शिक्षक खोलीत बाईंचा डबा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. कडक भाकरी खाणं हा गुपचूप करण्याचा प्रकारच नव्हे. मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत सूचना वाचायला आले की बाई नेमका तेव्हाच घास मोडत. “सर्व शिक्षकांनी,” ते म्हणत. कडाड. “एकसारख्या पद्धतीनं,” ते म्हणत. कडाड कडाड. ते थांबले की बाईही थांबत, अगदी सौजन्यानं.

आता या मुख्याध्यापकांविषयी सांगायला हवं. बिडकर सर. मूळचे कृष्णाकाठचे. माणूस सरळ, कष्टाळू, लबाडी ठाऊक नसलेला. त्यांना जगात एकच गोष्ट मनापासून आवडे, ती म्हणजे एकसारखेपणा. वर्गाबाहेर चपला एका ओळीत. मुलांची अक्षरं एका कलात. आणीबाणी आली तेव्हा आपलं म्हणणं अखेर सरकारला पटलं असं त्यांना वाटलं असावं. शाळेचा निकाल चांगला लागे, त्यामागं त्यांची एक युक्ती होती. ते स्वतः तरुणपणी इंग्रजी शिकवत. तेव्हा त्यांनी काही नमुना निबंध लिहून ठेवले होते. त्यांच्या चक्रमुद्रित प्रती दर वर्षी वाटल्या जात, आणि मुलं ते घोकत. त्यातला ‘माय होम’ हा निबंध तर सरांचा मानाचा गणपती होता. माझं घर नदीच्या काठावर आहे. दारात आंब्याचं झाड आहे. संध्याकाळी मी पायऱ्यांवर बसतो आणि पाण्यातल्या होड्या बघतो.

सोलापुरात नळाला पाणी आलं तरी गल्लीत बातमी होते. आणि आमची पोरं, पिढ्यान् पिढ्या, रोज संध्याकाळी पायऱ्यांवर बसून होड्या बघत होती. पूर्व भागातली, विड्या वळणाऱ्या आयांची, माग चालवणाऱ्या बापांची, रेल्वे लाइनीकडची, सगळी नदीकाठी राहत होती. बोर्डाचे परीक्षक त्यांना गुण देत होते. एवढी घरं काठावर असलेली ती नदी कुठली, असा प्रश्न कुणाही परीक्षकाला पडला नाही.

मठपती बाईंनी ‘क’च्या वर्गात त्या प्रती वाटल्या नाहीत. कपाटात ठेवून दिल्या.

आणि मग जुळ्यांचं प्रकरण झालं.

‘क’मध्ये अंबादास आणि नागनाथ येलदंडी हे जुळे भाऊ होते. पूर्व भागातले, घरी तेलुगू, बाप वारलेला, आई नरसम्मा. घरात एक हातमाग. दोघं असे हुबेहूब एकसारखे की आम्ही शिक्षकांनी त्यांना ओळखण्याचा प्रयत्नच सोडून दिला होता. दोघांपैकी कुणी दिसला की आम्ही दोघांची हजेरी लावत होतो. मीही.

बाईंना वाटलं, अनलाइक हा शब्द शिकवायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण कुठलं? त्यांनी एक दिवस दोघांना पुढं बोलावलं. एकच आला.

“दुसरा कुठाय?”

“बाई, नागनाथ मागावर हाय.”

“बरं नाही का त्याला?”

“बरं हाय की. आज त्याची पाळी हाय. उद्या मी मागावर, तो शाळेत.”

वर्गाला हे ठाऊक होतं. बाईंना नव्हतं. माग एक दिवसही बंद ठेवला तर घरात चूल पेटायची पंचाईत, म्हणून दोघांनी शाळा वाटून घेतली होती. जो येई तो संध्याकाळी दुसऱ्याला धडा सांगे. वर्षानुवर्षं एका मुलाच्या जागेत दोन मुलं शिकत होती, आणि आमचा हजेरीपट समाधानानं भरत होता.

बाई त्या रविवारी त्यांच्या घरी गेल्या. मागाजवळ पोत्यावर बसून त्यांनी दोघांना नुसतं बघितलं. नरसम्मा घाबरली होती. चहा पुढं करत म्हणाली, “बाई, लई चूक झाली काय?”

“तुमची नाही,” बाई म्हणाल्या. “आमची. आम्ही दोन पोरांना एक समजत होतो.”

पुढं एकदा सूत मिळालं नाही, माग रिकामा पडला आणि दोघं एकदम शाळेत आले. बाईंनी त्यांना फळ्यापुढं उभं केलं, आणि वर्गाला म्हणाल्या, सांगा. आधी कुणाला काही दिसेना. मग एक म्हणाला, अंबादास बोलताना तोंडाकडं बघतो, नागनाथ मान वाकडी करून ऐकतो. मग दुसरा म्हणाला, नागनाथ गुणगुणतो. मग तर झुंबड उडाली. तास संपला तेव्हा फळ्यावर जागा उरली नव्हती, आणि ते दोघं भाऊ एकमेकांकडं असे बघत होते, जणू त्यांची नुकतीच ओळख करून दिली होती.

गोष्ट इथं संपली असती तर फार गोड झाली असती. पण दोघांना वेगळं ओळखलं म्हटल्यावर हजेरीही वेगळी लावायला हवी, असं बाईंनी धरलं. खोटं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं. आणि त्या दिवसापासून अंबादासची हजेरी निम्मी झाली, नागनाथचीही निम्मी झाली. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा बिडकर सरांनी हजेरीपट उघडला आणि त्या दोन नावांपुढं पेन्सिलनं खूण केली.

“ह्या दोघांना सतरा नंबर.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेनं हात झटकायचे आणि मुलानं बाहेरून, आपल्या बळावर परीक्षेला बसायचं. शाळेचा निकाल चांगला राहतो. मुलाचं काय होतं ते कुणी विचारत नाही. पूर्व भागात सतरा नंबरचा अर्थ सरळ होता. पोरगा मागावर गेला, तो कायमचा.

“तुम्ही सवलत देऊ शकता सर,” बाई म्हणाल्या. “तुमच्या हातात आहे.”

“हजेरी निम्मी, बाई. कुणाच्या जोरावर देऊ?”

“अभ्यासाच्या. तपासून बघा.”

सरांनी तपासायचं कबूल केलं. तेवढे ते न्यायी होते. त्यांनी दोघांना आपल्या खोलीत समोरासमोर बसवलं आणि निबंधाला विषय दिला, माय होम. नीट आला तर सवलत. नीट म्हणजे कसा, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांना ते सांगायची गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना बोलावलं. ते चिडलेले नव्हते, दुखावलेले होते.

“हे बघा. एक लिहितो, आमचं घर लहान आहे. माग बसला की आम्ही उभे. मागाच्या खड्ड्यात बसलं की फक्त येणाऱ्यांचे पाय दिसतात, मी माणसं पायांवरून ओळखतो. दुसरा लिहितो, आमचं घर मोठं आहे. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. धागा तुटला की आवाज बदलतो, आणि आई दुसऱ्या गल्लीत असली तरी घरी येते. अहो, घर एक. खोली एक. ते लहान तरी असेल नाहीतर मोठं तरी असेल. दोघांपैकी एक खोटं बोलतोय.”

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग अगदी हळू आवाजात, आणि बाईंचा हळू आवाज मी आयुष्यात तेव्हाच ऐकला, म्हणाल्या, “सर, घर एक आहे. पोरं दोन आहेत.”

“शिवाय चुका आहेत. काळाच्या, स्पेलिंगच्या.”

“आहेत की. पण त्यांच्या स्वतःच्या आहेत.”

“सतरा नंबर,” सर म्हणाले, आणि दोन्ही कागद परत घेतले.

संस्थेचे अध्यक्ष मल्लिनाथ अण्णा हे चादरींचे व्यापारी. दुपारी पेढीवरच असत. मठपती बाई शाळा सुटल्यावर तडक तिथं गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते कानडीत झालं, त्यामुळं मला सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी अण्णा धोतराचा सोगा धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर झाले. बिडकर सर, बाई, भिंतीला टेकून ते दोघं भाऊ, आणि अण्णा. बाईंनी दारातून जाणाऱ्या मलाही आत ओढलं. का, ते मला लवकरच कळलं.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी दोन्ही निबंध मराठीत सांगायला लावले. मग म्हणाले, “बरं हायत की. मास्तर, ह्यात वाईट काय हाय?”

सरांनी कपाटातून ‘अ’च्या वर्गाच्या वह्या काढल्या. “हे बघा अण्णा. नीट म्हणजे असं.” त्यांनी एक वही उघडून भाषांतर सांगितलं. नदीकाठचं घर, आंबा, पायऱ्या, होड्या. अण्णांनी दुसरी वही मागितली. नदी, आंबा, पायऱ्या, होड्या. तिसरी. अण्णांनी चष्मा काढला.

“ही सगळी पोरं कुठं राहत्यात म्हणे?”

बाई माझ्याकडं वळल्या. “भूगोलाला विचारा. हो, तुम्ही. सोलापुरात नदी आहे का?”

मुख्याध्यापकांसमोर, अध्यक्षांसमोर, नोकरी पक्की व्हायच्या आधी मला हा प्रश्न विचारण्यात आला. मी म्हणालो, “सीना आहे. म्हणजे, गावाच्या बाहेर आहे.”

“होड्या?”

“नाहीत,” मी म्हणालो. भूगोलाचा आवाज फारच बारीक आला.

अण्णा हसले. भिंतीजवळचा अंबादासही हसला. नागनाथ मात्र मान वाकडी करून ऐकत राहिला. बिडकर सर लाल झाले. मला वाटलं, आता बाई घाव घालणार. त्यांच्या हातात सगळं होतं. पण त्या सरांच्या टेबलाजवळ गेल्या आणि ती उघडी वही त्यांच्याकडं वळवून म्हणाल्या, “सर, हा निबंध वाईट नाही. झकास आहे. तुमच्या कृष्णाकाठच्या घराचा आहे ना हा?”

बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते वाक्यांवरून ओळखलं होतं.

“ती नदी तुमची,” बाई म्हणाल्या. “तो आंबा तुमचा. पायऱ्यांवर बसलेला मुलगा तुम्ही. म्हणून तो चांगला आहे. पण तुम्ही सगळ्या शाळेला आपल्या घरी राहायला बोलावलंत. आता पोरांना त्यांच्या घरी जाऊ द्या की.”

सर वहीवरून बोट फिरवत म्हणाले, “ते घर भावांनी विकलं.” एवढंच. मग त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, आणि पुन्हा मुख्याध्यापक झाले. “तरीही अण्णा, हजेरी निम्मी आहे. आणि ह्या बाई मला ओलांडून तुमच्याकडं आल्या. उद्या प्रत्येक शिक्षक पेढीवर यायला लागला तर मी शाळा चालवायची कशी?”

हेही खोटं नव्हतं. अण्णांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. आयुष्यभर व्यापार केलेला माणूस. कुठलंच गिऱ्हाईक तोडायचं नाही, ही सवय.

“पोरांचे फॉर्म शाळेतनं भरा मास्तर. सवलत द्या,” ते म्हणाले. “आन् बाई, तुमाला जूनपासनं आपल्या दुसऱ्या शाळेवर जावं लागंल. धरणासाठी उठवलेली गावं हायती करमाळ्याकडं, तितं नवी शाळा काढलीया. पत्र्याची हाय. मास्तरांचा मान राहिला पाहिजे.”

मला राग आला. आयुष्यभर शहरात शिकवलेल्या बाईला पत्र्याच्या शाळेत धाडायचं, तेही ती बरोबर असताना. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, “कबूल. फॉर्म आत्ता भरा. माझ्यासमोर.”

“बाई, विचार करा,” अण्णा म्हणाले.

“केला की. सही कुठं करायची, सर?”

फॉर्म तिथंच भरले गेले. सरांनी सही केली, शिक्का मारला. भाऊ बाहेर पडले तेव्हा बाईंनी त्यांना दारात थांबवून सांगितलं, “आता नापास झालात तर मी करमाळ्याहून चालत येईन.” त्यानंतर मार्चपर्यंत त्या संध्याकाळी त्यांच्या मागाजवळ जाऊन बसत. एक विणे, एक वाचे, मग जागा बदलत. बाईंनी त्या बदलीबद्दल कुणाकडं तक्रार केली नाही आणि कुणाला कीवही करू दिली नाही. कुणी हळहळायला लागलं की म्हणत, “मी कुठं मरतेय? पोरं तिकडंही असतील की. आणि तिकडं अजून माझ्याविषयी कुणाला काही माहीत नाही. मज्जा आहे.”

निकाल लागला. दोघंही इंग्रजीत पास झाले. नागनाथ सगळ्यात पास झाला. अंबादास एका विषयात राहिला, तो त्यानं ऑक्टोबरात सोडवला. तो विषय कोणता होता आणि कोण शिकवत होतं, हे इथं सांगायचं कारण नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाईंचा निरोप समारंभ ठेवला होता. आमच्या शाळेत निरोपाचं भाषण ठरलेलं असे. निवृत्त होणारा शिपाई असो, बदलून जाणारा शिक्षक असो किंवा लग्न होऊन जाणारी शिक्षिका असो, बिडकर सर खिशातून तोच कागद काढत. आपले हे सहकारी मनमिळाऊ, शिस्तप्रिय आणि कर्तव्यदक्ष होते, त्यांची उणीव शाळेला सदैव भासेल. त्यात फक्त नाव बदलायचं.

बाई पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गळ्यात हार, पायाशी वळकटी, तिथूनच एस. टी. स्टँडवर जायचं होतं. मागं सतरंजीवर जुना ‘क’चा वर्ग न बोलावता येऊन बसला होता. त्यांत ते दोघं भाऊ, आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली नरसम्मा. त्या दिवशी माग बंद होता.

बिडकर सर उभे राहिले. कागद काढला. “आपल्या सहकारी मठपती बाई,” त्यांनी वाचलं, “या अत्यंत मनमिळाऊ...”

सतरंजीवरून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. बाईंनी आधी हारात तोंड लपवलं, आणि मग त्यांनाही आवरेना. सरांनी वर पाहिलं. पुन्हा कागदावर पाहिलं. “शिस्तप्रिय,” ते म्हणाले, आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. हसू आपोआप विरत गेलं. मग त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, चष्मा काढला, आणि भर सभेत, सगळ्यांच्या समोर, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“कसल्या मनमिळाऊ हो? असली भांडखोर बाई मी जन्मात पाहिली नाही. उद्यापासून मी भांडू कुणाशी?”